पेठेचे उंबरे काढिले त्याची हकीकत

श्री. दाराशी आलेल्याचे बरे होवो आणि दाराआड बसलेल्याचेही बरे होवो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, ते साली एका संस्थानात, ज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, पेठेतील चाळीस दुकानांचे उंबरे निघाले, आणि त्यातून पुढे जे जाहले ते जुन्या बायांचे तोंडी जैसे होते तैसे येथे लिहिले आहे. संस्थान लहान, परंतु पेठ नामांकित. पेठ म्हणजे एकच सरळ रस्ता, एका टोकास राजवाड्याचा दरवाजा, दुसऱ्या टोकास पेठेचे तोंड, तेथून पुढे नदीचा उतार, आणि उताराच्या पलीकडे मसणवट. पेठेच्या तोंडाबाहेर, उताराच्या वाटेवर, एकटे एक घर होते ते चिताऱ्यांचे. त्या घरी दोघी बहिणी राहत, थोरली ठकूअक्का आणि धाकटी आवडाबाई. बाप चितारी, त्यास मुलगा नाही, म्हणोन त्याने कुंचला मुलींच्या हाती दिला, आणि पुढे दोघींस लवकर वैधव्य आले आणि दोघी माहेरी येऊन तेच काम करू लागल्या. लग्नघरी भिंती रंगवाव्या, देवघराचे मखर चितारावे, सरकारवाड्यात छतास वेल काढावी. त्या काळी रंग आयते मिळत नसत. हिरवा हवा तर नीळ आणि पिवळा हरताळ खलून करावा, काळ्यास दिव्याचे काजळ धरावे, आणि डिंकाच्या पाण्यात कालवून ऐसा लावावा की तीन पिढ्या भिंत ताजी राहील. आता तैसे रंग नाहीत आणि तैशा भिंतीही नाहीत. अक्कांचा हात थोर, आणि डोळा हाताहून थोर. कोणतेही काम पुढे आले की मान डावीकडे कलती करून बहुत वेळ नुसत्या बघत बसत, आणि धाकटीने कुंचला उचलला की म्हणत, “ठेव तो खाली, आवडे. चितारणे हे शेवटचे काम ग. आधी बघ तरी.”

मग उंबरे निघण्याआधी तीन वर्षे, व्ययनाम संवत्सरी, पटकीची साथ आली आणि पेठेतील घरटी एक माणूस गेले, आणि चितारघरातून अक्का गेल्या. सकाळी रंग खलीत होत्या आणि दुसऱ्या सकाळी उताराच्या पलीकडे होत्या. त्यानंतर दोन वर्षे संस्थानात लग्ने थोडकी जाहली, आणि लग्ने नाहीत तेथे भिंती कोण रंगवितो. आवडाबाई एकट्या बसून विचार करू लागल्या की, लोकांस चित्रे नको आहेत, तर मजपाशी दुसरे काय आहे? आणि त्यांच्या ध्यानात आले की अक्कांनी शिकविले ते चितारणे अर्धे आणि बघणे अर्धे, आणि बघण्याची गरज लग्न नसले तरी लोकांस असते. तों त्याच सुमारास पेठेतील कापडाचे व्यापारी सोनशेट त्यांच्याकडे आले. सोनशेटांचे दुकान थोरल्या भावाने, तुकशेटांनी, नावारूपास आणिले होते. तुकशेट साथीत गेले आणि तेव्हापासून माल उत्तम असून दुकान चालेना. शेट बोलिले, “बाई, दारावर दोन हत्ती काढून द्या. हत्ती पाहून गिऱ्हाईक येईल.” आवडाबाई बोलिल्या, “हत्ती पाहून पोरे येतील. गिऱ्हाईक का येत नाही ते मला आधी बघू द्या. तीन दिवस मी समोरच्या कट्ट्यावर बसते.” शेट म्हणाले, “आणि बसण्याचे काय घ्याल?” आवडाबाई म्हणाल्या, “बसण्याचेच घेईन शेट. हत्ती फुकट.”

तीन दिवस आवडाबाई कट्ट्यावर बसल्या आणि लोकांचे पाय बघत राहिल्या. दुकानास सागवानी उंबरा होता, हातभर उंच, नक्षीचा. बाई डोक्यावर पाटी घेऊन येई, कापडाकडे बघे, उंबऱ्यापाशी थांबे, लुगड्याचा घोळ सावरी, पाय उचलावा की न उचलावा ऐसे तिच्या मनात येई, आणि तेवढ्या थांबण्यात तिला घरचे काही आठवे आणि ती पुढे जाई. म्हातारा माणूस काठी टेकून उंबऱ्याकडे बघे आणि पुढे जाई. मग आवडाबाईंनी नदीची माती आणून दुकानाची लहानशी प्रतिमा केली, गिऱ्हाइकांच्या जागी चिंचोके ठेविले, आणि सोनशेटांस समोर बसवून एकेक चिंचोका रस्त्यावरून चालवून दाखविला. मातीचा उंबरा होता तों चिंचोका अडे. बोटाने उंबरा पुसून टाकिला की चिंचोका गडगडत आत जाई. शेट हसू लागले आणि म्हणाले, “बाई, हा तर पोरखेळ.” “पोरखेळात चुकले तर माती जाते शेट, दुकान जात नाही,” ऐसे आवडाबाईंनी उत्तर केले. मग ठरले की उंबरा काढावा, रस्त्याचाच दगड आतपर्यंत न्यावा, आणि कापड अंधारातून काढून उजेडात पायऱ्यांवर मांडावे.

उंबरा काढण्यास धाकू सुतार बोलाविला. तो हत्यारे घेऊन आला आणि उंबरा पाहून हत्यारे खाली ठेविली. म्हणाला, “बाई, दार काढीन, चौकट काढीन. उंबऱ्याला हात लावायला सांगू नका.” आवडाबाई बोलिल्या, “धाकूदादा, उंबरा कशासाठी असतो तेवढे सांगा. पटले तर ठेवू.” धाकूने डोके खाजविले. “असतो म्हणून असतो. आजा बसवीत आला, बाप बसवीत आला.” “पाणी अडवितो?” “पाणी पायरीच अडविते.” “साप अडवितो?” “साप कुठूनही येतो.” “मग कोणाला अडवितो?” “ते मला काय ठाऊक?” आवडाबाईंनी पेठेत दहा जणांस विचारिले आणि दहाही जणांनी ऐसेच सांगितले. तेव्हा त्यांनी आपला नियम केला की, ज्या वस्तूचे काम कोणास सांगता येत नाही ती वस्तू काढावी. येथे त्यांची चूक जाहली ती हीच, की जे उंबरा ओलांडून जात येत होते त्या सर्वांस त्यांनी विचारिले, आणि जे ओलांडीत नव्हते त्यांस विचारण्याचे त्यांच्या मनातही आले नाही.

उंबरा निघाला आणि सोनशेटांचे दुकान ऐसे चालू लागले की रस्ता कोठे सरला आणि दुकान कोठे लागले हे लोकांस कळेनासे जाहले. लोक बोलत बोलत आत येत आणि आत आल्यावर म्हणत, अरे, आपण आत आलो वाटते. ते पाहून शेजारचा तांबट आला, मग अत्तरवाला आला, मग कासार आला. आवडाबाई प्रत्येकाच्या दारी तीन दिवस बसत, प्रत्येकाची मातीची प्रतिमा करीत, अत्तरवाल्यास सांगत की कुप्या झाकून ठेवा आणि एकच उघडी ठेवा, कासारणीस सांगत की बांगड्या नखऱ्याने मांडू नका, हाताच्या मापाने मांडा, म्हणजे बाईला आपला हात आधी दिसेल. आणि प्रत्येक ठिकाणी उंबरा निघे. वर्ष सरता चाळीसही दुकाने उघडी जाहली, आणि जुने उंबरे रंगाऱ्यांच्या भट्ट्यांत सरपणास गेले, कारण जुने सागवान बरे जळते. दूरदूरचे लोक पेठेत येऊ लागले. दिवाणजींनी आवडाबाईंस शालजोडी दिली आणि भर दरबारात म्हणाले, “चितारणीने पेठ चितारली.” कोणी थट्टेने विचारिले की, “बाई, तुमच्या घरचा उंबरा कधी काढणार?” तेव्हा बाई म्हणत, “माझ्या घरी कोण गिऱ्हाईक येते? मीच तुमच्याकडे येते.”

मग विकृतिनाम संवत्सर लागले आणि त्याचा वैशाख आला. तेव्हाची वैशाखातली दुपार खरी दुपार असे. रस्ता पांढरा पडे, कावळा पंख मिटून बसे, सावल्या पायांखाली जात, आणि पेठेत दुकानदारावाचून फारसे कोणी नसे. ऐशा एका दुपारी सोनशेट गादीवर पेंगत होते, तों त्यांनी डोळे उघडिले आणि एक बाई कापड चाचपीत उभी दिसली. शेट म्हणाले, “काय दाखवू बाई?” बाईने उत्तर दिले नाही. सगळ्या थानांवरून हात फिरविला आणि शेजारी तांबटाकडे गेली. शेटांनी ते कापड उचलिले तों विहिरीच्या पाण्याऐसे गार लागले. दुसऱ्या दिवशी तीन बाया आणि एक म्हातारा ऐसे आले. तिसऱ्या दिवशी सोनशेटांनी मुद्दाम दारात रांगोळीची पूड पसरली, आणि दहाबारा माणसे त्यावरून आत आली आणि पूड जैसीच्या तैसी राहिली. चौथ्या दिवशी त्यांनी त्या पहिल्या बाईचे तोंड नीट पाहिले आणि ओळखिले. ती पारू तेलीण होती, आणि साथीत तिला खांदा देणाऱ्यांत सोनशेट स्वतः होते.

पुढे रोज दुपारी गर्दी होऊ लागली. ती माणसे कोणास धक्का देत नसत, काही नेत नसत, काही मागत नसत. उभी राहत. तिसऱ्या प्रहरी जैसी आली तैसी उताराच्या वाटेने निघून जात. प्रथम दुपारचे गिऱ्हाईक तुटले, मग हळूहळू त्यांतली काही माणसे सकाळीच येऊ लागली आणि सकाळचेही तुटू लागले. एके सकाळी कुंभाराची सून खण घेण्यास आली आणि म्हणाली, “अहो शेट, या बाईंना जरा सरकायला सांगा. केव्हाच्या वाट अडवून उभ्या आहेत.” शेट म्हणाले, “सांगून पाहिले.” “मग?” “ऐकत नाहीत.” “बहिऱ्या आहेत की काय?” शेटांनी खाली बघत सांगितले, “चार वर्षे झाली त्यांना.” “बहिऱ्या होऊन?” कुंभाराच्या सुनेने त्या बाईच्या तोंडाकडे पाहिले, खण खाली ठेविला आणि मागल्या पावली निघून गेली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावास कळले. घरांस उंबरे होते म्हणोन घरी कोणी आले नव्हते; पेठ तेवढी उघडी होती.

दिवाणजींनी आवडाबाईंस बोलाविले आणि म्हणाले, “बाई, पेठ तुम्ही उघडलीत, बंदोबस्त तुम्हीच करा.” आवडाबाई म्हणाल्या, “आधी तीन दिवस मला बघू द्या,” आणि दुपारी येऊन सोनशेटांच्या दुकानात बसल्या. आणि त्या दिवशी गर्दीतून ठकूअक्का आत आल्या. अंगावर तेच जुनेर, बोटांस तीच नीळ. अक्कांनी मान डावीकडे कलती करून कापडाची मांडणी बहुत वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “पिवळ्याशेजारी हा निळा कोणी ठेवला? डोळा अडकतो.” आवडाबाई म्हणाल्या, “मीच ठेवला, अक्का.” “तूच ना. म्हणून तर,” ऐसे अक्का बोलिल्या आणि हसल्या, आणि पुढल्या दुकानी गेल्या, आणि आवडाबाई त्यांच्या मागोमाग गेल्या. अत्तरवाल्याकडे अक्का म्हणाल्या, बरे केलेस. कासारणीकडे म्हणाल्या, हे माझ्या ध्यानात आले नसते. दुसरे काही विचारिले तर त्यांस ऐकू येत नसे, आणि तिसरा प्रहर जाहला की बोलणे अर्धे टाकून निघून जात. तीन दिवस सरले. आवडाबाईंनी दिवाणजींस सांगितले की आणखी तीन दिवस पाहिजेत. ते सरले आणि आणखी तीन मागितले. ज्या बाईस चार वर्षे कोणी “आवडे” ऐसे म्हटले नव्हते तिने दुसरे काय करावे, आणि तरी जे केले ते बरे केले नाही, कारण बघणे संपल्यावरही त्या बघत बसल्या होत्या.

दिवाणजींचा धीर सुटला. त्यांनी सरकारी सुतार लावून एका दिवसात चाळीस नवे उंबरे बसविले. दुसऱ्या दुपारी ती माणसे आली आणि त्या उंबऱ्यांतून ऐसी चालत गेली की पाऊलही उचलिले नाही, जैसे तेथे काहीच नव्हते. धाकू सुतार बाजूस उभा राहून बघत होता, तो म्हणाला, “त्या लाकडापाशी अजून कोणी थांबलेले नाही. त्याला काय कळणार आपण उंबरा आहोत ते?” दिवाणजींनी मग हुकूम काढिला की, येत्या पौर्णिमेपर्यंत आवडाबाईंनी बंदोबस्त करावा, नाही तर हद्दपार व्हावे आणि पेठ कायमची बंद करावी. आणि इकडे दुसरेच सुरू जाहले होते. सोनशेटांचे थोरले भाऊ तुकशेट रोज येऊन गादीच्या कडेस बसत, आणि तिसऱ्या प्रहरी ते उठले की सोनशेटही उठत आणि त्यांच्याबरोबर बोलत बोलत चालू लागत. पहिल्या दिवशी पेठेच्या तोंडापर्यंत गेले. मग चितारघरापर्यंत गेले. मग उतारावर, घोट्याइतक्या पाण्यात, धाकूने त्यांस उपरणे धरून मागे ओढिले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, मी दुकानातच आहे ना?”

त्या संध्याकाळी सोनशेटांचे कुटुंब द्वारकाबाई चितारघरी आल्या. आत आल्या नाहीत, अंगणातूनच बोलिल्या. “आवडाबाई, तुम्हांला एक विचारते. बंदोबस्त सुचत नाही, की सुचवायचा नाही?” आवडाबाई म्हणाल्या, “वहिनी, बघते आहे मी.” “काय बघता? मी दुकानात येऊन पाहिलंय. तुम्ही बहिणीचं तोंड बघता. तुमचं माणूस येतं म्हणून तुम्ही गप्प. माझं माणूस जातं हो.” इतके बोलून द्वारकाबाईंनी पदर तोंडास लाविला, आणि मग तो काढून पुन्हा म्हणाल्या, “आज पाणी घोट्याला होतं. उद्या मी काय करू, त्यांना दावणीला बांधू?” द्वारकाबाई गेल्यावरही आवडाबाई दारात उभ्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई पेठेत गेल्या नाहीत. धाकूस सांगितले की शेटांस आज धरून बसा, आणि आपण स्वतः आपल्याच घरात, दारासमोर बसल्या, कारण ती माणसे पेठेत येण्याआधी आणि गेल्यानंतर या वाटेने कैसी चालतात हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. दुपार जाहली. उतारावरून ती माणसे वर आली. आणि आवडाबाईंनी पाहिले की त्यांतले प्रत्येक माणूस चितारघराच्या दाराशी येऊन थांबते, उंबऱ्याकडे बघते, लुगड्याचा घोळ सावरते किंवा काठी टेकते, आणि पुढे जाते. सर्वांच्या शेवटी अक्का आल्या आणि थांबल्या, आणि थांबल्या त्या पुढे गेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांस सगळे ऐकू येत होते. आवडाबाई म्हणाल्या, “अक्का, तुम्ही सगळी पेठेत कशाला येता?” अक्का म्हणाल्या, “येत नाही ग. चालत असतो. वाट लागली ती आत गेली. कुठे थांबायचं ते कोणी सांगितलंच नाही.” “आणि येथे?” “येथे कळतं. हा आपल्या बापाचा उंबरा. येथे थांबायचं असतं.” “तू रोज येतेस?” “रोजच. तू पेठेत असतेस.” आवडाबाईंनी हात पुढे केला आणि तो उंबऱ्याच्या वर येऊन थांबला. त्या म्हणाल्या, “मी हा काढला तर तू घरी येशील?” अक्कांनी मान कलती करून बहिणीकडे ऐसे पाहिले जैसे अर्ध्या रंगलेल्या भिंतीकडे बघत. “येईन. पण मी एकटी येणार नाही, आवडे. वाटेवरची सगळी येतील. तू नीट बघ आणि मग कर.”

तो दिवस आवडाबाई माती कालवीत बसल्या. त्यांनी पेठ केली, पेठेचे तोंड केले, चितारघर केले, उतार केला, आणि चिंचोके मांडिले, काळे त्या माणसांचे आणि खडू लाविलेले जित्या माणसांचे. चितारघराचा उंबरा पेठेच्या तोंडाशी ठेविला की काळे चिंचोके पेठेत जात नाहीत आणि पांढरे उतारावर जात नाहीत. मग सगळे काळे कोठे जातात हेही त्यांनी पाहिले, आणि आपल्या नावाचा जो पांढरा चिंचोका होता तो कोणत्या बाजूस राहतो तेही पाहिले. घर सोडून पेठेत राहण्यास जावे तर अक्का कायमच्या उंबऱ्याबाहेर. तो चिंचोका त्यांनी एकदा उचलून पेठेत ठेविला, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि पुन्हा घरात ठेविला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर आणि ती माणसे उतार ओलांडून गेल्यावर, धाकू सुतार चितारघरी आला. तो उंबरा फणसाचा होता, मधोमध पाय लागून खोलगट जाहलेला, आणि मोठमोठी मखरे बाहेर काढता यावीत म्हणोन दार रुंद होते आणि उंबराही तितकाच लांब. पेठेचे तोंड एक गाडी जाईल इतकेच, त्यास तो बेताचा पुरला असता. धाकूने पहार हाती घेतली आणि पुन्हा खाली ठेविली. “बाई, हा तिकडे गेला की तुम्ही कोणत्या बाजूला?” “बाहेरच्या.” “हे कळतंय ना तुम्हांला?” “चिंचोके मांडून पाहिलंय, दादा.” “जितं माणूस मग या घरी पाऊल टाकणार नाही. मीसुद्धा टाकणार नाही, खरं सांगतो.” “तुम्ही उंबऱ्यापाशी या. मी तेथवर येत जाईन.” मग धाकूने उंबरा काढिला, चौघांनी तो उचलून पेठेच्या तोंडाशी नेला, आणि अंधार पडण्याआधी दगडांत घट्ट बसविला. आवडाबाईंनी त्यावर आपल्या हाताने हळदीची बोटे ओढिली. त्यानंतर घरी जाऊन ओटीवर, माजघरात, जेथे जागा होती तेथे घोंगड्या अंथरिल्या, पाण्याचे घडे भरून सावलीत ठेविले, आणि बसण्याच्या जागा ऐशा मांडिल्या की कोणाचे तोंड भिंतीकडे होऊ नये.

दुसऱ्या दुपारी सगळी पेठ आपापल्या दुकानातून तोंडाकडे बघत होती. ती माणसे उतारावरून वर आली. पेठेच्या तोंडाशी एकावाचून कोणी आले नाही, कारण त्याआधीच चितारघराचे दार लागत होते आणि ते उघडे होते. एक आत गेले, दुसरे गेले, पारू तेलीण गेली, तुकशेट एवढे मात्र वाटेवर रेंगाळले, उंबऱ्यापर्यंत आले, थांबले, पलीकडे उभ्या असलेल्या भावाकडे पाहिले आणि मागे फिरले. सोनशेटांनी पाऊल उचलिले तों उंबरा आडवा आला, आणि त्या थांबण्यात त्यांस घरचे काही आठवले. ते द्वारकाबाईंस म्हणाले, “दुकानात कोण आहे?” आणि मागे वळले. सर्वांच्या शेवटी अक्का चितारघरात गेल्या, आणि आतून आवाज आला ऐसे पेठेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाया सांगत, “आवडे, घोंगड्या फार जवळ जवळ टाकल्यास ग.”

पुढे कोणाचे काय जाहले ते ऐसे. सोनशेटांचे दुकान पुन्हा चालले, परंतु ते दुपारी दुकान उघडीत नसत, आणि वर्षभर द्वारकाबाई बाजारात त्यांच्या धोतराचा सोगा आपल्या हाती धरून चालत, त्यावर पेठ हसे आणि त्या हसू देत. धाकू सुतार बहुत म्हातारा होऊन वारला. त्याने उंबरे पुष्कळ बसविले, पुन्हा एकही काढिला नाही. दिवाणजींनी हुजुरास सांगितले की उंबऱ्याची युक्ती आपलीच, आणि त्यावर बढती मिळून ते दुसऱ्या मोठ्या संस्थानात गेले, आणि व्यापार वाढविण्यासाठी तेथील पेठेचे उंबरे काढविले ऐसे ऐकिले, पुढचे ठाऊक नाही. आवडाबाई त्यानंतर एकोणीस वर्षे काम करीत होत्या. रोज सकाळी त्या उंबरा ओलांडून पेठेत येत, दूरच्या संस्थानांतूनही व्यापारी त्यांस बोलावणे पाठवीत, आणि त्या जेथे जात तेथे तीन दिवस बसत आणि आता एक गोष्ट अधिक विचारीत, की येथे कोण येत नाही आणि ते का येत नाही. त्यांचे काम पूर्वीहून सरस होऊ लागले. एका सराफाने म्हटले, “बाई, हे काम दोन माणसांचे दिसते,” तेव्हा त्या म्हणाल्या, “मग दर दोन माणसांचा द्या.” घरी मात्र जिते कोणी गेले नाही. निरोप उंबऱ्यापाशी ठेवीत.

सौम्यनाम संवत्सरी, वैशाखात, दोन दिवस त्या निरोप घेण्यास आल्या नाहीत, तेव्हा पेठेतील लोक सकाळी धीर करून त्या घरी गेले. आवडाबाई भिंतीशी बसल्या होत्या, डोळे उघडे, मान थोडी कलती. सगळी व्यवस्था करिता दुपार जाहली. प्रेत निघते तेव्हा बायांनी उंबऱ्यापर्यंत यावे आणि तेथून मागे फिरावे ऐसा दस्तुर, आणि त्या घरास उंबरा नव्हता. पुरुष पुढे गेले आणि बाया मागोमाग चालत राहिल्या, कोणी बोलेना, कोणी थांबेना. मग द्वारकाबाई, ज्या तेव्हा सर्वांत वडील होत्या, एकदम मोठ्याने म्हणाल्या, “बायांनो, आपलं येथवरच.” तेव्हा सगळ्या थांबल्या आणि खाली पाहिले. पाणी गुडघ्याच्या वर आले होते. मग त्या मागे फिरल्या. हकीकत इतकी. लिहिताना जे राहिले असेल ते राहिले म्हणोन समजावे, आणि लिहिणाराने जेथे थांबावे तेथे हकीकतही थांबली आहे.